निकाल लागेपर्यंत कागद आपल्याच हाती ठेवा

कॅनडात निर्वासित म्हणून अर्ज केलेली आपली मंडळीही आताशा ब्रॅम्प्टन-मिसिसागात भेटतात. अर्ज का केला, हे मी कुणाला विचारत नाही; ते ठरवायला इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्ड आहे. पण निकाल लांबतो आणि तेवढ्यात लुबाडणारे गाठतात. तेही बहुधा आपल्याच ओळखीतले, गोडबोले.

आधी बघा, अर्जावर पत्ता कुणाचा आहे? 'तुम्ही खोल्या बदलत राहणार, पत्रं हरवतील' असं म्हणून पैसे घेऊन अर्ज भरून देणारा कन्सल्टंट स्वतःच्या ऑफिसचा पत्ता टाकतो. मग सुनावणीचं पत्र त्याच्या ड्रॉवरमध्ये आणि ते हातात द्यायचे पैसे वेगळे! सुनावणी चुकली तर तुम्ही अर्ज सोडून दिलात असं बोर्ड धरू शकतं. म्हणून पत्ता स्वतःचाच द्या. घर बदललंत की बोर्डाला आणि इमिग्रेशन खात्याला वेगवेगळं कळवा. एकाचं दुसऱ्याला आपोआप कळत नाही.

'बेसिस ऑफ क्लेम' म्हणजे आश्रय का मागता हे सांगणारा फॉर्म; त्यावर कोरी सही करू नका. इंग्रजी जमत नसेल तर सगळा मजकूर आपल्या भाषेत ऐका, मगच सही. 'अमुक लिहा, हमखास होतं' म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. सुनावणीत प्रश्न तुम्हाला विचारतात, तो तिथे नसतो. या अर्जाला सरकारी फी नाही, अर्जदाराच्या वर्क परमिटलाही नाही. ऑन्टारिओ प्रांतात परवडत नसेल तर वकिलासाठी लीगल एड, म्हणजे कायदेशीर मदतीची योजना, आहे. टोरोंटोचं एफसीजे रेफ्युजी सेंटरही मदत करतं. कन्सल्टंटच घ्यायचा तर त्याचं नाव इमिग्रेशन कन्सल्टंट्सच्या कॉलेजच्या (शिकवणारं नव्हे, त्यांना परवाना देणारी संस्था) ऑनलाइन यादीत शोधा. नसेल तर बोलणंच खुंटलं.

परमिट येण्याआधी रोखीचं काम धरू नका. आल्यावर 'तुमची केस चालू आहे, एवढ्यातच भागवा' म्हणणारे भेटतील. ऑन्टारिओत १ ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन तासाला १७.६० डॉलर आहे आणि केस चालू असली तरी ते तुम्हालाही लागू आहे. तास रोज वहीत लिहा. बुडवलेल्या पगाराची तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. काम लावून देण्याचे पैसे एजन्सीने तुमच्याकडून घ्यायचे नसतात.

पासपोर्ट सरकारने ठेवून घेतला तर पावती जपा. मालक किंवा घरमालक मागत असेल तर देऊ नका. कुणी कागद अडवून, धमकावून राबवत असेल तर १-८३३-९००-१०१० हा मानवी तस्करीविरोधी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. फोन गोपनीय राहतो, दुभाषीही मिळतो.