विड्यांची मजुरी कापली जाते तेव्हा मंडळीने काय करावे

कर्नाटकात निपाणीच्या बाजूला अन्याय ख्रिस्ती मंडळीपुढे येतो तो बहुधा अगदी साध्या रूपात. उपासना सुटल्यावर एखादी बहीण दाराशी घुटमळते आणि सांगते, की हजार विड्या वळून नेल्या तरी ठेकेदार मूठ-दोन मुठी खराब ठरवून बाजूला काढतो, त्या परतही देत नाही आणि त्यांचे पैसेही धरत नाही. तिला नुसते "प्रार्थना करू" एवढे सांगून घरी पाठवू नये. मजुराचे वेतन सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, ही बायबलच्या लेवीय १९:१३ मधली आज्ञा आहे.

आधी वही घालावी. किती पाने व तंबाखू मिळाला, किती विड्या नेल्या, किती काढल्या आणि हातात काय पडले, हे तीन आठवडे रोजच्या रोज लिहावे. तिला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावे. सावकारीने गांजलेल्यांची ओरड ऐकून यहूदाचा अधिपती नहेम्या संतापला, पण मनाशी विचार करून मगच त्याने सरदारांना जाब विचारला (नहेम्या ५). वही नसेल, तर त्या संतापाला ठेकेदार एका वाक्यात उडवून लावतो.

ठेकेदार मंडळीचाच सभासद असेल, तर मत्तय १८ प्रमाणे आधी त्याला एकांतात भेटावे, मग दोघा-तिघांना घेऊन जावे आणि शेवटी मंडळीपुढे आणावे. मात्र जिचे उद्याचे काम त्याच्याच हाती आहे, तिला एकटीला पाठवणे हा क्रूरपणा होईल. चार-पाच जणींच्या वह्या एकत्र करून वडीलमंडळींनी जावे, म्हणजे कोणा एकीवर राग निघत नाही. त्याचे दान मोठे असेल, तर खजिनदाराला या कामातून वगळलेले बरे!

तरीही तो बधला नाही, तर कामगार खात्याकडे अर्ज करावा. तो कानडीत असलेला सोयीचा, पण बाईचे म्हणणे आधी मराठीत लिहून घ्यावे आणि कानडी मजकुराचे प्रत्येक वाक्य मराठीत समजावल्यावरच तिचा अंगठा घ्यावा. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना वकिलाची मदत मोफत मिळते. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर विचारता येते.

उचलीपायी वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीत कोणी अडकवून ठेवले असेल, तर या पायऱ्या चढत बसू नये. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे, म्हणून थेट तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. मारहाण झाली असेल तर पोलिसांकडे.

ठेकेदाराने मान्य केले, तर तेही लिहून घ्यावे. नहेम्याने सरदारांच्या शब्दावर न थांबता याजकांना बोलावून त्यांच्याकडून शपथ घेतली. पुढचे काही आठवडे विड्या मोजून देताना मंडळीतल्या दोघांनी तिच्या शेजारी उभे राहावे आणि पैसे हातात पडल्यावर तारखेनिशी वहीत आकडा लिहावा.