जुन्या डेस्कटॉपवर खर्च करण्याआधी

घरचा आठ-दहा वर्षांचा डेस्कटॉप रखडायला लागला की लगेच नवा घ्यायला धावू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नेहमीची कामं करत आकडे बघा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर अडकत असेल, तर दोष बहुतेक फिरणाऱ्या हार्ड डिस्कचा. तिच्या जागी साटा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली आणि हार्ड डिस्कच्याच साटा जोडणीवर चालणारी डिस्क, बसवा. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५००च्या आसपास. बारीकसारीक फायलींच्या बाबतीत तर फरक याहून कितीतरी मोठा. माझ्या मते पहिला खर्च हाच. पण त्याआधी घरचे फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा, हे कळकळीनं सांगते.

रॅमचे, म्हणजे चालू कामं सांभाळणाऱ्या मेमरीच्या पट्ट्यांचे, किती स्लॉट भरलेत तेही टास्क मॅनेजरमध्येच मेमरीखाली दिसतं. डीडीआर३ या जुन्या पिढीच्या रॅमची पट्टी पुढच्या पिढीच्या, डीडीआर४च्या स्लॉटमध्ये बसत नाही, मधली खाच वेगळ्या जागी असते. म्हणून जुनी पट्टी सोबत घेऊनच दुकानात जा.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचा त्याहून जुना असेल, तर त्या मदरबोर्डसाठी, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डसाठी, महागडा प्रोसेसर शोधत बसू नका. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा. एसएसडीचे पैसे वाया जात नाहीत, पुढच्या मशीनमध्येही ती लावता येते.

आणि घड्याळ रोज मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.