संरक्षण संशोधनाचे प्रकल्प सांभाळायचे आहेत? सोलापूरच्या नव्या इंजिनिअरांसाठी

डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ झालो नाही तर या क्षेत्रात आपल्याला काय काम, असं इथली इंजिनिअर झालेली मुलं-मुली विचारतात. काम भरपूर आहे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातर्फे डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळांसाठीचे प्रकल्प सांभाळतो, आणि या कामाला माणसं कमी पडतात हे रोज बघतो.

आधी प्रकल्पाची जात ओळखा. मिशन मोड प्रकल्पामागे सेनादलाची मागणी आणि मुदत उभी असते. टेक्नॉलॉजी डेमॉन्स्ट्रेशनमध्ये तंत्र चालतं एवढं सिद्ध करायचं असतं. दोन्हींचं वेळापत्रक एकाच पद्धतीनं आखलं तर घोळ ठरलेला.

खरी मेहनत गरजपत्रावर. लष्कराला काय हवं ते जीएसक्यूआर नावाच्या गरजपत्रात लिहिलेलं असतं आणि युजर ट्रायलला, म्हणजे लष्कर स्वतः घेतं त्या चाचणीला, त्याच्याशी ताडूनच वस्तू पास होते. काम हातात आलं की मी पहिल्यांदा एक तक्ता करतो: गरजेतली ओळ, ती कुठल्या ड्रॉइंगमध्ये उतरली, कुठल्या चाचणीनं सिद्ध होणार, आणि ती चाचणी बघून सही कोण करणार. हा शेवटचा रकाना बहुतेकांचा रिकामा असतो. भाग तयार होऊन शेडमध्ये पडून राहतात आणि सही करणारा माणूस कोण, हे तेव्हा शोधायला लागतात. म्हणून गुणवत्ता तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना डिझाइन रिव्ह्यूपासूनच बसवा. आपल्या फाउंड्रीतल्या माणसाला हीट नंबर, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या प्रत्येक घाण्याचा क्रमांक, शिकवावा लागत नाही. पण तोच नंबर कास्टिंगपासून शेवटच्या तपासणी अहवालापर्यंत तुटू न देणं, हे मॅनेजरचं काम.

क्रिटिकल डिझाइन रिव्ह्यू, म्हणजे डिझाइनची सविस्तर शेवटची तपासणी, झाला की डिझाइन गोठतं. त्यानंतर चहा पिता पिता एखादे साहेब म्हणतात, "एवढं जरा बदलून टाका." त्यांचा हेतू चांगलाच असतो, आणि अनेकदा सूचनाही बरोबर असते. तरी ती लेखी घ्या, वजन, खर्च आणि पीडीसीवर, म्हणजे काम संपण्याच्या ठरलेल्या तारखेवर, काय परिणाम होईल ते लिहा, मंजुरी आली की मगच मशिनवर चढवा.

वेळेचा अंदाज हवा असेल तर एआरडीई या डीआरडीओच्या पुण्यात पाषाणला असलेल्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेची अटॅग्ज तोफ बघा. काम 2013 मध्ये सुरू झालं. 2020 मध्ये पोखरणला चाचणीत नळी फुटली, चौकशी झाली, चाचण्या पुन्हा झाल्या, आणि 307 तोफांचा करार मार्च 2025 मध्ये झाला. मला हा प्रकल्प फार मोलाचा वाटतो, कारण अपघातानंतरही तो बंद पडला नाही. तुमच्या आराखड्यातही चाचणी फसली तर पुन्हा करायला वेळ, सुटे नमुने आणि पैसा धरलेला हवा. वरिष्ठ म्हणतील, एवढी ढील कशाला? तिथे ठाम राहा.

पैशाबद्दल थोडक्यात. टीडीएफ, म्हणजे उद्योगांना संरक्षण तंत्रज्ञान विकसित करायला पैसा देणारी डीआरडीओची योजना, हिच्यात खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं आणि 2022 मध्ये एका प्रकल्पाची मर्यादा 10 कोटींवरून 50 कोटींवर गेली. पण पैसा टप्प्याटप्प्यानं येतो. मधल्या काळातले पगार आणि स्टील कशातून भागवणार, हे मालकाशी अर्ज करायच्या आधीच बोला. स्टार्टअप असेल तर आयडेक्स ही संरक्षण मंत्रालयाची नवकल्पनांसाठीची योजनाही बघा.

प्रयोगशाळेतच जायचं असेल तर सायंटिस्ट 'बी' या सुरुवातीच्या पदासाठी गेट या परीक्षेचा स्कोअर लागतो. उद्योगाच्या बाजूनं यायचं असेल तर वर्षभर तरी शॉप फ्लोअरवर तपासणी विभागात काढा. ड्रॉइंगवरचे टॉलरन्स वाचता येईनात तर रिव्ह्यूत तुमचं कोणी ऐकत नाही. पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं, तेव्हा फोनवर अडलेला प्रश्न समोरासमोर बसून सोडवा. बैठकीचं इतिवृत्त मात्र त्याच दिवशी लिहून सगळ्यांना पाठवा.