भावाचं लेबल चिकटवताना

कंपनीच्या पाकिटावर एमआरपी छापलेलीच असते. भावाची गन (किमतीचं लेबल छापून चिकटवणारं हातातलं यंत्र) खरी कामी येते ती आपण घरी बांधलेल्या तूरडाळ, मोहरी, खारकेच्या पुड्यांना. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. टिनाच्या दुकानात लेबलांचा रोल शटरजवळ ठेवला तर गोंद पातळ होऊन लेबलं एकमेकांना धरतात अन् गन अडकते. रोल डब्यात घालून खालच्या फळीवर, सावलीत ठेवा. पुडीवरची धूळ अन् पीठ कोरड्या फडक्यानं पुसूनच लेबल मारा, नाहीतर संध्याकाळपर्यंत ते गळून पडतं.

आकडा बदलताना चाक अर्ध्यावर सोडून ट्रिगर दाबू नका, दाते झिजतात. आधी एक लेबल रद्दीवर मारून पाहा. छपाई फिकी आली तर शाईचा रोलर बदला. शिक्क्याची शाई ओतली की सगळं लिबलिबीत होतं (मी करून बसलोय).

कंपनीच्या मालावर भाव कमी केल्याचं लेबल चालतं, पण छापील एमआरपी झाकायची नाही. वाढीव भावाचं लेबल तर २०११ च्या वजनमाप नियमांत बसतच नाही.