पाठ भाकरीसारखी पातळ: नानजिंगमध्ये सुई शिकताना

ॲक्युपंक्चर शिकताना पहिल्या महिन्यात मी एकाही माणसाला सुई टोचली नाही. टिश्यू पेपरची जाडजूड घडी करायची, दोऱ्याने करकचून बांधायची आणि तिच्यात दिवसाला दोनशे वेळा सुई घालायची, एवढंच काम होतं. सुई पाव मिलिमीटर जाडीची. नुसता रेटा दिला की वाकायची. अंगठा आणि तर्जनीत फिरवत नेली की अलगद आत जायची. ते जमल्यावर संत्र्यावर, मग स्वतःच्या पायावर. त्सूसानली या पायावरच्या बिंदूवरची माझी पहिली सुई मीच मला टोचली. गुडघ्याच्या वाटीखालच्या खळगीपासून चार बोटं खाली, नडगीच्या बाहेरच्या बाजूला एक बोट. ही बोटं पेशंटची मोजायची, आपली नव्हेत. मोठ्या हाताच्या मुलांचा पहिल्या आठवड्यात इथेच घोळ व्हायचा.

मी कोल्हापूरची, फिजिओथेरपिस्ट. चार वर्षं काम केल्यावर मे ते ऑक्टोबर असे सहा महिने नानजिंगच्या चिनी वैद्यक विद्यापीठात इंग्रजी माध्यमातून शिकले. हे विद्यापीठ १९५४ सालचं. परदेशी डॉक्टरांना ॲक्युपंक्चर शिकवण्यासाठी १९७५ मध्ये बीजिंग, शांघाय आणि नानजिंग इथे केंद्रं सुरू झाली, तेव्हापासून इथे बाहेरच्यांची ये-जा आहे. आता मला बरेच जण विचारतात, पावसाळ्यात कुठला पॉइंट दाबायचा, थंडीत कुठला? अशी यादी मी देत नाही. का देत नाही, ते सांगते.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात ऋतूंवर सुरुवातीलाच एक प्रकरण आहे. वसंतात उशिरा झोपा पण लवकर उठा, शरदात कोंबड्याबरोबर उठा, हिवाळ्यात सूर्य वर येईपर्यंत अंथरुणात राहा, असं त्यात सांगितलंय. आपल्या ऋतुचर्येची आठवण येतेच. पण ‘हे म्हणजे आपलं कफ, ते म्हणजे आपलं पित्त’ अशी जोडणी करत शिकू नका. मी दोन महिने तेच केलं आणि ते दोन महिने वाया गेले. त्यांचं ‘यकृत’ म्हणजे सोनोग्राफीत दिसणारं यकृत नव्हे. वसंत, वारा, राग आणि डोळे यांना एकत्र बांधणारं ते एक नाव आहे. आधी ती भाषा तिच्या घरात जाऊन ऐका, तुलना नंतर करा.

त्यांच्याकडे पाच ऋतू धरतात. वसंताला वारा, ग्रीष्माला उष्णता, शरदाला कोरडेपणा, हिवाळ्याला गारठा. उन्हाळ्याच्या शेवटच्या टप्प्याला म्हणतात ‘लांबलेला उन्हाळा’ आणि त्याच्याशी जोडतात ‘शी’, म्हणजे ओल. ही ओल मला चटकन कळली. जून-जुलैत आलुबुखार पिकतात तेव्हा नानजिंगमध्ये ‘मेइयू’ नावाचा पाऊस लागतो. कपाटातल्या कपड्यांना बुरशी, भिंतींना पाझर, मीठ पाणावलेलं, आपला आषाढच जणू! ओपीडीत माणसं सांगायची, अंग जड वाटतं, डोकं ओलं फडकं गुंडाळल्यासारखं होतं, भूक नाही. सर जीभ बघायचे: जाड पांढरा थर, कडांना दातांचे ठसे. मग विचारायचे, घर कितव्या मजल्यावर आहे? तळमजल्यावरच्या आजीबाईंना आणि बाराव्या मजल्यावर दिवसभर एसीत बसणाऱ्या पोराला, तक्रार एकच असली तरी, वेगळ्या सुया लागायच्या. यादी का देत नाही, ते यावरून लक्षात येईल.

जुलैच्या मध्यावर ‘सानफू’ सुरू होतं, वर्षातले सगळ्यात तापलेले तीस किंवा चाळीस दिवस. त्यांच्या तिथी पंचांगातून काढतात. या दिवसांत रुग्णालयांबाहेर सकाळपासून रांगा लागतात, कारण ‘हिवाळ्याचा आजार उन्हाळ्यात बरा करा’ अशी तिथली जुनी समजूत आहे. दमा, जुनाट खोकला, नाकाची ॲलर्जी असलेली माणसं येतात. पांढरी मोहरी आणि इतर औषधांची पूड आल्याच्या रसात कालवून तिच्या गोळ्या पाठीवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या फेइशूसारख्या बिंदूंवर पट्टीने चिकटवतात. त्वचा लाल होते, आग होते, कधी फोडही येतो. मोठ्यांना काही तास ठेवायचं, मुलांना त्याहून कमी. तीन आठवडे माझं काम घड्याळ बघणं आणि त्वचा तपासणं हेच होतं. नवख्याला मिळू शकेल असं त्याहून चांगलं काम मला माहीत नाही. दिवसाला शेकडो पाठी बघितल्यावर मणक्यापासून दीड अंगठा अंतर मोजावं लागत नाही, डोळ्यालाच कळतं.

पण हेही स्पष्ट सांगते. या पट्ट्यांच्या परिणामाबद्दल भक्कम पुरावा नाही. त्या ऑनलाइन मागवून घरी लावू नका. त्यांच्या पारंपरिक कृतीतल्या एका वनस्पतीत मूत्रपिंडाला घातक असं ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. नाकाच्या ॲलर्जीसाठी सुयांची बाजू जरा बरी आहे. ज्यांना औषधं नको असतात त्यांच्यासाठी एक पर्याय म्हणून अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१५ च्या सूचनांमध्ये ॲक्युपंक्चरचा उल्लेख आहे. दम्याचा पंप मात्र कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायचा नाही. असं सांगणारा शिक्षक भेटला, तर तो वर्ग सोडा.

तिथल्या विद्यार्थ्यांना पाठ असलेली एक म्हण आहे: पोट विहिरीसारखं खोल, पाठ भाकरीसारखी पातळ. त्यांच्या ‘बिंग’ला मी भाकरी म्हणतेय. पाठीवर, खांद्यावर सरळ खोल सुई गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. आमच्या तुकडीत एकाने उत्साहात खांद्यावर सुई नको तितकी खोल नेली, बाईंनी त्याचा हात मनगटाला धरून मागे घेतला आणि त्या दिवशी पुढे काही शिकवलंच नाही. त्या शांततेची मला आजही आठवण होते. गरोदर बाईच्या हाताच्या हेगू बिंदूला आणि घोट्याच्या वरच्या सान्यिन्जिआवला हात लावायचा नाही, हेही त्याच आठवड्यात मनावर कोरलं गेलं.

बिंदूला शेक देण्यासाठी मॉक्सा नावाची वाळलेली पानं जाळतात. त्यांचा धूर पहिल्यांदा नाकात गेला, तेव्हा घराची आठवण आली. ती पानं आर्टेमिसिया प्रजातीतली, आणि आपण चैत्रात जोतिबाला वाहतो तो दवणाही त्याच प्रजातीतला. पाचव्या चांद्र महिन्याच्या पाचव्या दिवशी तिथे दाराला मॉक्साच्या जुड्या बांधतात, आपण तोरण बांधतो तशा.

मी भारतातली म्हटल्यावर ओपीडीतले एक आजोबा म्हणाले, ‘को दीहुआ!’ म्हणजे आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. चीनला गेलेल्या त्यांच्याच भारतीय वैद्यकीय पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी ते कोलकात्यात आणलं. हा धागा मला तिथे जाऊन कळला, याची खंत वाटते.

आता व्यवहाराचं. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि नोंदणीसाठी परिषद आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये या उपचारपद्धतीला मान्यता दिली. पैसे भरण्याआधी आपला अभ्यासक्रम इथल्या नोंदणीला चालतो का, हे परिषदेकडून लेखी घ्या. चीनमधली पूर्ण पदवी पाच वर्षांची असते; चिनी माध्यमासाठी भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र लागतं. लहान अभ्यासक्रम इंग्रजीत होतात, पण पेशंट इंग्रजी बोलत नाही. ‘दुखतं?’, ‘जड वाटतं?’, ‘मुंग्या आल्या?’ एवढं तरी चिनीत यायला हवं, कारण सुईखाली जाणवणाऱ्या त्या भरून येण्याला ‘देची’ म्हणतात आणि ती पेशंटच सांगू शकतो.

परत आल्यावर मी तिथले ऋतू जसेच्या तसे इथे लावले नाहीत. शरदातल्या कोरड्या खोकल्याला तिथे खडीसाखरेत शिजवलेलं नासपती देतात. आपल्याकडे ऑक्टोबरात ऊन तापतं आणि त्याच आठवड्यात परतीचा पाऊसही कोसळतो. म्हणून मी आधी विचारते, घर कुठल्या बाजूला उघडतं, फरशी पुसल्यावर वाळते का. गेल्या आषाढात पंचगंगेकाठच्या एका मावशींनी सांगितलं, ‘वाळत नाही गं, चार दिवस ओलीच असते.’ मी सुया बाजूला ठेवल्या आणि आधी त्यांची जीभ बघितली.