पोटातली मोठी गाठ: ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

सीटीत पोटाच्या मागच्या बाजूला, मूत्रपिंडाजवळ मोठी गाठ दिसली की घरातला प्रत्येक जण म्हणतो, "काढून टाका लवकर." घाई करू नका. अशी गाठ सार्कोमा, म्हणजे चरबी, स्नायू अशा ऊतींचा कॅन्सर असू शकते, आणि त्यात पहिलं ऑपरेशन हीच सगळ्यात चांगली संधी असते.

आमच्या अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची फाइल माझ्याकडे असायची. पायजम्याची नाडी पुरेना, तरी ते म्हणायचे पोट सुटलंय. पोटाच्या मागे जागा ऐसपैस, त्यामुळे गाठ १५-२० सेंटिमीटरची होईस्तोवर दुखतही नाही.

आधी छाती आणि पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी. रिपोर्टसोबत सीडी मागून घ्या. मग जाड सुईची बायोप्सी, शक्यतो पाठीच्या किंवा कुशीच्या बाजूने. बारीक सुईने सहसा भागत नाही. "सुई लावली की पसरतं" असं आमच्या आत्याबाईही म्हणाल्या. नीट केलेल्या बायोप्सीत ती भीती फार थोडी. इतक्या खोल, मोठ्या गाठीला कोणी "साधी चरबी" म्हणालं, तर बायोप्सीच्या तुकड्यावर एमडीएम२ या जनुकाची तपासणी झाली का, ते विचारा. लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीचा सार्कोमा, साध्या चरबीसारखाच दिसू शकतो.

सर्जनला थेट विचारा: अशा गाठी तुम्ही नेहमी करता का? अखंड काढणार ना? नेहमी करणारे नसतील तर टाटासारख्या मोठ्या कॅन्सर केंद्रात दाखवा. गाठ सोलून काढली तर पेशी मागे राहतात, म्हणून चिकटलेलं मूत्रपिंड, आतड्याचा तुकडाही सोबत जातो. मूत्रपिंड जाणार म्हणून अण्णा अडून बसले होते. दुसरं मूत्रपिंड एकटं काम पेलेल का, हे रेनोग्राममध्ये, म्हणजे प्रत्येक मूत्रपिंडाचं काम मोजणाऱ्या स्कॅनमध्ये, आधी कळतं.

आधी रेडिएशन घ्यावं का? २०२० साली आलेल्या स्ट्रास अभ्यासात, २६६ रुग्णांत, सरसकट फायदा दिसला नाही. लायपोसार्कोमात थोडा असू शकतो. म्हणून हट्ट नको, नकारही नको.

पुढे काय, हे नुसत्या सेंटिमीटरवर ठरत नाही. प्रकार, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात) आणि गाठ पूर्ण निघाली का, यावर ठरतं. कमी ग्रेडचा लायपोसार्कोमा फुप्फुसात क्वचितच जातो, पण त्याच जागी परत येतो, कधी १० वर्षांनीही. लायोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूंचा सार्कोमा, फुप्फुसात, यकृतात जाऊ शकतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी सीटी, पुढे अंतर वाढतं, पण थांबत नाही. जाताना जुनी सीडी न्या. रेडिओलॉजिस्टला ताडून बघायला तीच लागते.