आवडत्या छायाचित्रकाराचे अनुकरण करत छायाचित्रण कसे शिकावे

कॅमेऱ्याची बटणे थोड्या सरावाने समजतात; पण कुठे उभे राहावे, कशाची वाट पाहावी आणि फ्रेममधून काय वगळावे, हे माहितीपुस्तिकेत सापडत नाही. ते शिकण्याचा माझ्या मते सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे आपल्याला मनापासून आवडणारे एखादे छायाचित्र निवडून ते स्वतः काढून पाहणे. गाणे शिकणारा गुरूची बंदिश आधी जशीच्या तशी गळ्यावर चढवतो, तसाच हा रियाज आहे.

छायाचित्रकार एका वेळी एकच घ्यावा, आणि मुंबईकराने शक्यतो या शहरात काम केलेला निवडावा, म्हणजे मूळ जागेवर जाऊन उभे राहता येते. उदाहरणादाखल रघू राय यांचे १९९५ मधील चर्चगेट स्थानकाचे कृष्णधवल छायाचित्र घेऊ. त्यात काही माणसे वर्तमानपत्र वाचत निश्चल आहेत आणि भोवतालची गर्दी धुरकट होऊन वाहते आहे.

कॅमेरा हातात घेण्यापूर्वी हे चित्र निवांत पाहून कागदावर नोंदी कराव्यात: उजेड कोणत्या बाजूने येतो, कॅमेरा साधारण किती उंचीवर आहे, काय रेखीव आहे आणि काय पुसट. पुसटपणावरून शटर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारा पडदा, बराच वेळ उघडे होते, हे कळते. चालणारा माणूस १/५०० सेकंदात गोठतो, तर अर्ध्या सेकंदात त्याचा ओघळ होतो.

आता प्रत्यक्ष प्रयत्न. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, १०० ठेवून शटर १/४ ते १/२ सेकंदावर आणावे. भर उन्हात एवढ्या वेळात चित्र पांढरेफटक पडते, म्हणून संध्याकाळ किंवा छताखालची जागा निवडावी. मोबाइलमध्ये प्रो मोड, म्हणजे हे आकडे स्वतः ठरवण्याची सोय, असल्यास हेच आकडे तिथेही देता येतात. कॅमेरा कठड्यावर घट्ट टेकवावा आणि बटण दाबताना धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. रेल्वेच्या आवारात छायाचित्रणाचे नियम आहेत. त्यामुळे तिथे आधी विचारणा करावी, अन्यथा दादरच्या फुलबाजाराजवळचा वर्दळीचा पदपथही चालेल.

खरा धडा इथे सुरू होतो. गर्दी सहज पुसट होते, पण स्थिर माणूस मिळत नाही. नुसता उभा असलेला माणूस अर्ध्या सेकंदात या पायावरून त्या पायावर भार घेतो आणि त्याचा चेहरा हलतो. खांबाला टेकलेला किंवा मोबाइलमध्ये डोके घातलेला माणूस मात्र रेखीव येतो. वर्तमानपत्रे कमी दिसत असली, तरी वाचनात गढलेल्या माणसाची निश्चलता अजून तशीच आहे. मूळ चित्रातील वाचणाऱ्या माणसांचे मोल हा प्रयत्न करताना जेवढे कळते, तेवढे ते चित्र कितीही वेळ पाहून कळत नाही.

घरी आल्यावर दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत आणि दोषांची यादी न करता सर्वांत मोठा एकच फरक शोधावा. बहुतेक वेळा तो अंतराचा असतो. नवशिका माणसांपासून फार दूर उभा राहतो. पुढच्या खेपेला तेवढेच सुधारावे.

हे जमू लागले की मुद्दाम उलट स्वभावाचा छायाचित्रकार घ्यावा. रघुवीर सिंह (१९४२–१९९९) आयुष्यभर रंगातच काम करत राहिले, आणि त्यांच्या मुंबईच्या चित्रांत दुकानांच्या काचा व प्रतिबिंबे यांमुळे एका फ्रेममध्ये अनेक दृश्ये एकत्र नांदतात. त्यासाठी झवेरी बाजारात, दुकानदाराची संमती घेऊन, काचेसमोर थोडे तिरके उभे राहावे. अगदी समोर उभे राहिल्यास स्वतःचेच प्रतिबिंब मध्ये येते.

शेवटी मूळ चित्र घरी ठेवून त्याच जागी पुन्हा जावे आणि शिकलेल्या गोष्टींपैकी एक जाणीवपूर्वक बदलावी: गर्दी रेखीव ठेवावी, किंवा कृष्णधवलाऐवजी रंग वापरावा. सरावाची चित्रे कुणाला दाखवताना ती कोणाच्या चित्रावरून केली, ते खाली स्पष्ट लिहावे.